पन्नाशीतला शिकाऊ

ऑपरेशन थिएटरमध्ये माणसाची ओळख डोळ्यांवरून होते. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये जी पट्टी उरते, तेवढाच माणूस. माझ्या नवऱ्याचा पहिली काही वर्षं मी तेवढाच भाग पाहिला. तो मेंदूचा सर्जन, मी भूलतज्ज्ञ. तो पेशंटच्या डोक्याशी, मायक्रोस्कोपला डोळे लावून; मी हिरव्या पडद्याच्या अलीकडे, नळ्या आणि यंत्रांच्या गराड्यात.

तो बोलायचा नाही. थिएटरच्या मोठ्या सिस्टरबाईंनी त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं. ते त्याच्या कानावरही गेलं होतं, पण त्यावरही तो काही बोलला नाही. मला तो एकच प्रश्न विचारायचा, "प्रेशर किती?" मी आकडा सांगायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमचं संभाषण एवढंच. मग एके दिवशी, कवटीचं हाड परत बसवून टाके घालता घालता, त्याच आवाजात, मान वर न करता त्याने विचारलं, "लग्न करशील का माझ्याशी?"

मी सवयीने म्हटलं, "एकशेदहा-सत्तर."

सिस्टरबाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. ही गोष्ट त्यांनी पुढे प्रत्येक नव्या नर्सला सांगितली, दरवेळी थोडं तिखटमीठ लावून.

ते दिवस आता आठवले की मला आधी त्या मजल्याचा वास आठवतो. जंतुनाशकाचा आणि करपलेल्या पावाचा. थिएटरबाहेरच्या बोळात एक जुनी शेगडी होती. ऑपरेशन लांबलं की सिस्टरबाई तिच्यावर पाव भाजायच्या आणि हटकून करपवायच्या. आम्ही भिंतीला टेकून तो काळा पाव चहात बुडवून खायचो. पाय भरून आलेले असायचे, पाठ धरलेली असायची, आणि तरी आत्ता घरी जावं असं कोणालाच वाटायचं नाही.

पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो. एक तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, नाहीतर गुठळी अडकून ती बंद पडते. फुटलेल्यांसाठी घुम्या होता. फुटण्याच्या जागी बहुधा एक इवलासा फुगा आलेला असतो. कवटी उघडून, मेंदूच्या घड्या हलक्या हाताने बाजूला करत त्या फुग्यापर्यंत पोचायचं आणि त्याच्या मानेला चिमटा लावायचा. चिमटा लावायच्या क्षणी आख्खं थिएटर श्वास धरून उभं असायचं. या कामात त्याचा हात धरणारं आमच्या हॉस्पिटलात कोणी नव्हतं. घरीही त्याचा सराव चालायचा. माचिसच्या डबीत केसासारखा दोरा घेऊन तो गाठी मारत बसायचा. डबीचा कंटाळा आला की खुर्चीचा दांडा, दाराची कडी, काय हाताला लागेल त्याला गाठ. माझ्या सासूबाई सकाळी कात्री घेऊन घरभर फिरायच्या. "माझ्या मुलाने लग्नात काय गाठ मारली ती एकच बरी," असं म्हणून माझ्याकडे बघायच्या.

ज्यांची रक्तवाहिनी बंद पडलेली असायची, त्यांच्यासाठी मात्र कोणीच नव्हतं. वॉर्डाच्या खिडकीकडच्या बाजूला त्यांच्या खाटा असायच्या. तोंड वाकडं, एक हात उशीवर ठेवून दिलेला, बोलायला जावं तर भलताच आवाज. त्यांचे नातेवाईक कोणाचाही पांढरा कोट दिसला की विचारायचे, हात परत येईल का? उत्तर ठरलेलं होतं, "बघू." मेंदूला फारच सूज आली तर घुम्याला बोलावत. तो कवटीचा तुकडा काढून सुजेला जागा करून द्यायचा. जीव वाचायचा. पण हात यायचा नाही आणि बोलणंही यायचं नाही. राउंड घेताना त्या खाटांपाशी त्याची पावलं जरा भरभर पडायची, हे माझ्या लक्षात आलं होतं.

त्याच सुमारास चिमणी त्याच्याकडे शिकायला आली. एवढीशी होती म्हणून ते नाव. मायक्रोस्कोपपर्यंत पोचायला तिला स्टूल लागायचं आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. घुम्याच्या हाताखाली ही कशी टिकणार, यावर थिएटरात पैजा लागल्या होत्या. ती टिकली. तिचा हात विलक्षण होता. घरी जेवताना तो एकदा आपणहून म्हणाला, "त्या मुलीचा हात माझ्यापेक्षा चांगला होणार आहे." त्याच्या तोंडून हे एवढं मोठं वाक्य ऐकून सासूबाईंनी भाजी वाढायची थांबवली.

पण चार वर्षांनी चिमणीने वेगळंच ठरवलं. परदेशात कवटी न उघडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळ्या आणि तारा थेट मेंदूपर्यंत नेऊन काम करायला सुरुवात झाली होती. तिला ते शिकायचं होतं. निरोप घ्यायला ती आली तेव्हा त्याने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाला. ती बोळात येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. घरी आल्यावर तो दोरा घेऊन बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "एवढा चांगला हात. आणि आता तारा ओढणार."

वर्षं गेली. आम्हाला मुलगी झाली, ती मोठी झाली. सिस्टरबाई निवृत्त झाल्या, शेगडीच्या जागी कॉफीचं मशीन आलं. नवऱ्याच्या नावाची पाटी विभागप्रमुखाच्या दारावर लागली. आणि एक दिवस चिमणी परत आली. केस पिकायला लागले होते, उंची तेवढीच होती.

सकाळच्या बैठकीत तिने एक चित्रफीत दाखवली. एक बस ड्रायव्हर. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. मग एक्स-रेचं चित्र, त्यात एक काळी रक्तवाहिनी मध्येच तोडल्यासारखी संपलेली. मग एक तार त्या जागेपलीकडे जाते, तिच्या टोकाशी बारीक जाळी उमलते, गुठळी जाळीत अडकते आणि ओढून बाहेर येते. दुसऱ्या दिवशीचा तोच ड्रायव्हर. कोणीतरी हात हलवून दाखवायला सांगितल्यावर त्याने दोन्ही हातांनी नसलेलं स्टिअरिंग धरून असं काही वळण घेतलं की सगळी खोली हसली.

घुम्या हसला नाही. त्याने एकच विचारलं, "गुठळी हाताला लागते का? तारेतून कळतं?"

"कळतं सर," ती म्हणाली. "अगदी हलकं. पण कळतं."

घरी जाताना गाडीत त्याने इंजिन सुरू केलं आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "आपण इतकी वर्षं त्या खाटांवरून मान वळवून जायचो." आमच्या घरात तोपर्यंत मलाही गप्प बसायची सवय झाली होती.

त्यानंतर आठवडाभराने कँटीनमध्ये तो ताट घेऊन चिमणीच्या समोर जाऊन बसला. मी शेजारी होते. तो म्हणाला, "चिमणे, मला शिकवशील का?"

तिला ती थट्टा वाटली. पण हा माणूस थट्टा करत नाही, हेही तिला आठवलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"शिकवीन," ती म्हणाली. "पण एक अट आहे."

"रागवायचं नाही, हेच ना? मी कधी रागावलोय कोणावर?"

"रागावला असतात तर परवडलं असतं, सर. तुम्ही गप्प बसायचात. इथे गप्प बसून चालणार नाही. हाताला काय लागतंय ते मला बोलून सांगावं लागेल. मला तुमच्या हातातलं दिसत नाही."

पन्नाशी उलटलेला विभागप्रमुख शिकाऊ झाला. सकाळी ज्या मुलांना तो कवटी उघडायला शिकवायचा, त्यांच्याच ओळीत दुपारी बसून तो पारदर्शक रबरी नळ्यांच्या सांगाड्यात तारा घालायला शिकू लागला. पोरं आपसात खुसखुसायची. त्याला ते जमेना. आयुष्यभर हाताखाली काय आहे ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे हात खाली आणि नजर समोरच्या पडद्यावर. तार अडली की तो जोर लावायचा. "सर, ढकलू नका," चिमणी म्हणायची. "परत घ्या. जरा फिरवा. कुठे जायचंय ते तिला ठरवू द्या." तो परत घ्यायचा, आणि कपाळावर घाम आलेला असताना, एखाद्या शाळकरी मुलासारखा बोलून सांगायचा, अडलंय, आता सुटलं, आता पुन्हा अडलं.

सासूबाईंना हे सगळं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या शाळेत भाषा शिकवायच्या. निवृत्त होऊनही त्यांच्यातली मास्तरीण निवृत्त झाली नव्हती. सगळं ऐकून घेऊन त्या मुलाला म्हणाल्या, "म्हणजे कवटी उघडायला एवढी वर्षं शिकलास, आणि आता ती न उघडायला शिकतोयस."

"हो."

"आणि तुंबलेलं मोकळं करणार."

"हो."

"नळकाम म्हण की सरळ."

तो हसला. त्या दिवसांत तो अधूनमधून हसायला लागला होता. पहिली गुठळी त्याने एकट्याने काढली, ती एका वयस्कर पोस्टमास्तरांच्या मेंदूतून. तेव्हा भूल माझी होती. भूल उतरता उतरता, टेबलावरच त्या गृहस्थांच्या लुळ्या हाताची बोटं हलली. घुम्या शिशाचा जड एप्रन अंगावर असतानाच खाली वाकून ती बोटं बघत राहिला. मला वाटतं, त्या खिडकीकडच्या सगळ्या खाटा त्याला तेव्हा दिसत असाव्यात.

मग सासूबाईंची वेळ आली.

रोज सकाळी त्या मोठ्याने पेपर वाचायच्या आणि वाचता वाचता त्यातल्या भाषेच्या चुका काढायच्या. "विभक्ती चुकली", "हे वाक्य आहे का गाठोडं", असं चालायचं. त्या दिवशी मुलगी परीक्षेच्या अभ्यासाला घरी होती. आजी वाचता वाचता भलतंच बोलायला लागली, तेव्हा तिला वाटलं आजी नक्कल करतेय. ती हसलीसुद्धा. मग पेपर एका बाजूने घसरताना तिने पाहिला आणि तिला कळलं. डॉक्टरांच्या घरातली मुलगी. तिने मला फोन करण्याआधी अँब्युलन्सला केला, आणि मला फक्त एवढंच म्हणाली, "आई, आजीचा उजवा हात गेलाय. आम्ही निघालोय."

स्कॅन झाला. डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी बंद होती. बोलणं जिथे असतं ती बाजू. घुम्या चित्राकडे एकदाच बघून हात धुवायला निघाला. चिमणी त्याच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही बाहेर."

"मी करतो. मला जमतं आता."

"जमतं ते मला माहीत आहे, मीच शिकवलंय. आई आहेत त्या तुमच्या. तुम्ही काचेपलीकडच्या खोलीत थांबा."

तो तिच्यापेक्षा हातभर उंच. दोघं तसे क्षणभर उभे राहिले. मग तो बाजूला झाला.

मला मात्र बाजूला होता आलं नाही. दुसरे भूलतज्ज्ञ शेजारच्या थिएटरात एका अपघाताच्या पेशंटमध्ये अडकले होते, आणि सासूबाई तर टेबलावर स्थिर राहत नव्हत्या. चांगल्या हाताने तोंडावरचा मास्क ओढत होत्या, काहीतरी सांगू बघत होत्या आणि शब्द येत नव्हता. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, मी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मला ओळखत होत्या की नव्हत्या, मला आजही सांगता येणार नाही. मी औषध सोडलं. माझ्या हातून हजारो लोक झोपले असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदा सुईकडे बघताना मला माझाच हात परका वाटला.

चिमणीने तार वर नेली. जाळी उघडली, ओढली. गुठळीचा एक तुकडा आला. पडद्यावर रक्तवाहिनी अजून बंदच. पुन्हा जायचं, तर कसं? तीच जाळी घेऊन की जाड नळी आत नेऊन गुठळी शोषून घ्यायची? दोन्हींत धोका. चिमणीने पायाने माइकचं बटण दाबलं आणि काचेकडे न बघता विचारलं, "सर, काय करू?"

मी वर पाहिलं. काचेवर दोन्ही तळवे टेकून तो उभा होता. मग त्याचा आवाज आला.

"मला इथून फक्त चित्र दिसतंय. हात तुझा आत आहे. हाताला काय वाटतंय?"

"मऊ आहे. जाळीत धरत नाहीये. शोषून येईल असं वाटतं."

"मग तसंच कर."

तिने तसं केलं. नळीत रक्त थांबलं, थरथरलं आणि एकदम वाहू लागलं. पुढच्या चित्रात त्या तुटलेल्या जागेपलीकडे काळ्या रेघा उमटत गेल्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, पार कडेपर्यंत. मी सवयीने प्रेशर सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी राउंडला आली. घुम्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, हा हात वर उचला बघू."

सासूबाईंनी हात उचलला. पुरता नाही, पण उचलला. मग ओठांची जुळवाजुळव करत, एकेक शब्द वेचत म्हणाल्या, "उचलायचा... तो... वरच ना."

चिमणीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती मटकन खाटेवर बसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. घुम्या खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

सगळं काही आलं नाही. चालणं आलं, हात बराचसा आला, पण शब्दांच्या जागा बदलल्या होत्या. खुर्चीला पलंग म्हणायच्या, मला मुलीच्या नावाने हाक मारायच्या. चूक कळायची आणि आपलाच राग यायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला हे फार लागलं. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, यांच्याशी रोज कोणीतरी भरपूर बोला. नुसतं "औषध घेतलं का" असं नाही. गप्पा मारा.

माझी आणि मुलीची संध्याकाळ स्वयंपाकात आणि अभ्यासात जायची. उरला घुम्या.

पहिल्या दिवशी तो आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ त्याला काही सुचेना. मग म्हणाला, "आज एक पेशंट आला होता." आणि त्या पेशंटबद्दल सांगत गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा पेशंट. मग पेशंट संपले आणि तो मागे मागे जाऊ लागला. शाळेतल्या बाकावर कोरलेलं नाव, वडील गेले त्या दिवशी शेजाऱ्यांकडे कसा झोपला, पहिल्यांदा उघडा मेंदू पाहिला तेव्हा तो श्वासाबरोबर हलतो हे बघून कसं गलबलून आलं. मध्येच सासूबाई एखादा शब्द सुचवायच्या, बहुतेकदा चुकीचा, आणि तो तोच शब्द घेऊन पुढे जायचा. एकदा म्हणाला, "एका मुलीला मी एकशे दहा वेळा तरी प्रेशर विचारलं असेल. मला खरं दुसरंच विचारायचं असायचं." मी आत पीठ मळत होते. हात तसेच ठेवून ऐकत राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि हे मला भिंतीपलीकडून कळत होतं.

अशा पुष्कळ संध्याकाळी गेल्या. सासूबाई पुढे काही वर्षांनी गेल्या, वयानेच, दुपारच्या झोपेत. त्यानंतर कितीतरी दिवस त्या वेळेला तो खुर्ची ओढायचा आणि मग ती कुठे ठेवावी ते त्याला कळायचं नाही. शेवटी ती त्याने उचलून स्वयंपाकघरात आणली. आता तिथे बसून मला सांगतो. मी कधीकधी म्हणते, अरे जरा गप्प बस, मला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात.

निवृत्त होऊन आता त्याला तीन वर्षं झाली. मध्यंतरी आम्ही माझ्या चपला शिवून घ्यायला चांभाराच्या दुकानात गेलो होतो. आमच्या पुढे एक मध्यमवयीन गृहस्थ तावातावाने भांडत होते. बुटाचा तळ नीट चिकटवला नाही, गेल्या वेळीही असंच केलं होतं, पट्टी उलटी लावली, एक ना दोन. शब्दाला शब्द असा काही जोडून येत होता की चांभार बिचारा हातातली सुई धरून नुसता उभा. माझ्या चपला देऊन झाल्या तरी नवरा हलेना. मी कोपराने ढोसलं. तो हळूच म्हणाला, "याचं वळण फार अवघड होतं. गळ्यातून वर जाताना. तीनदा परत घ्यावं लागलं."

आमच्या पेशंटना आम्ही आठवत नाही. येतात तेव्हा ते शुद्धीत नसतात, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना बायको-मुलं हवी असतात, आम्ही नाही. त्या गृहस्थांनी मागे वळून या टक लावून बघणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो, काय झालं?"

"काही नाही," घुम्या म्हणाला. "छान बोलता तुम्ही."

गृहस्थांना तो टोमणा वाटला. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा तळाच्या विषयाला हात घातला. भांडण पुरतं संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.